पाटी उतरल्यावर

वाडे, लेणी, देवळे यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. आजची पिढी मात्र ज्या इमारतींत दिवसाचे नऊ-दहा तास काढते, त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांचे वर्णन जाहिरात-पुस्तिकांवर सोडून दिलेले आहे. या वास्तूंना मी एकच कसोटी लावतो : दारावरची कंपनीची पाटी उतरवली, तर मागे काय उरते?

मुंबईतले 'बॉम्बे हाऊस' १९२४ सालचे. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनीच ते टाटांसाठी रचले. त्याची पाटी शंभर वर्षांत उतरलेली नाही. २०१८ मध्ये अंतर्भाग नव्याने सजवला, तेव्हा दाराशी वावरणाऱ्या भटक्या कुत्र्यांसाठीही खोली राखली गेली. अशी दीर्घायुषी पाटी हा अपवाद.

नरिमन पॉइंटचा २३ मजली एअर इंडिया मनोरा (१९७४) जॉन्सन-बर्गी या अमेरिकी वास्तुकारांचा. २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय दिल्लीला गेले. २०२४ मध्ये १,६०१ कोटींना तो राज्य सरकारला विकण्यास केंद्राची मंजुरी मिळाली. दुरून ओळखू यावे, हे त्याचे मुख्य काम. नाव गेल्यावर उरले ते समुद्राकाठचे चौरस फूट.

पुण्यात हडपसरचे 'वन अर्थ' हे सुझलॉनचे संकुल ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचले. बुटक्या, पसरट इमारती, मधोमध पाण्याचा चौक, उन्हाला अडवून उजेड आत सोडणाऱ्या झडपा. चौकाला 'ब्रह्मस्थान' म्हटले आहे. हा शब्द मला खटकतो. वाड्याच्या चौकात दारची माणसेही येत, इथे गळ्यात ओळखपत्र नसेल तर चौक दिसतही नाही. पण २०२४ मध्ये कंपनीने ही वास्तू विकून तिथेच भाडेकरू म्हणून राहायचे ठरवले, तेव्हा सावली काही कमी झाली नाही. मालक कोणीही असो, झडप तेच काम करते. माझ्या कसोटीला ही वास्तू म्हणूनच उतरते.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या विदर्भात तालुक्याच्या गावीही बँका, पतसंस्था, विमा कंपन्या यांच्या कचेऱ्या काच आणि चकचकीत पत्रा लावून पश्चिमेला तोंड करून उभ्या राहत आहेत. थंडाव्याची अक्कल आपल्याकडे नव्हती असे नाही. कळंबच्या चिंतामणीचे दर्शन पायऱ्या उतरून, जमिनीच्या पातळीखाली जाऊन घ्यावे लागते; उन्हातून आलेल्याला तिथला गारवा सांगावा लागत नाही. देऊळ बांधणाऱ्याचा हेतू वेगळा असेल, पण जमीन आणि पाणी गारवा देतात हे त्यातून कळते. कचेरीसाठी तळघरच खोदा असे माझे म्हणणे नाही. खोल ओसरी, जाड पश्चिम भिंत आणि समोरासमोर खिडक्या एवढे पुरेल.

या कचेऱ्या बहुतेक भाड्याच्या असतात. पाच-दहा वर्षांत पाटी बदलते. काच तशीच राहते, आणि तिच्यापायी येणारे विजेचे बिल पुढचा भाडेकरू भरत राहतो.