‘सेवी’ या पदाचा अर्थ
अमेरिकेच्या उच्चशिक्षणविषयक कायद्यात १९९२ मध्ये आलेल्या ‘हिस्पॅनिक-सेवी संस्था’ या संज्ञेतील ‘सेवी’ हे पद कृती सुचविते. व्याख्या मात्र गणना करते. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत लॅटिनो २५ टक्के भरले की प्रमुख अट पुरी होते. संस्थेचा खर्च अल्प असावा, हीही अट आहे खरी; परंतु अनुदान स्पर्धेने मिळते, आणि स्पर्धा अर्जकुशलांची! टेक्सासच्या सीमाभागातील एडिनबर्गचे विद्यापीठ १९८९ मध्ये टेक्सास विद्यापीठसमूहात आले, तरी तेलभूमीच्या उत्पन्नावर पोसलेल्या स्थायी विद्यापीठनिधीत त्यास वाटा नव्हता. सीमाभागाच्या उपेक्षेचा दावा १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. निधीचे दार उघडले ते २०१३ च्या कायद्याने, तेही ब्राउन्सव्हिलच्या विद्यापीठाशी विलीनीकरण करून. तोवर २५ टक्क्यांची अट मात्र तेथे सहज पुरी होत होती.