हेवी मेटल संगीत आणि श्रोत्याचे मनःस्वास्थ्य : दोन भूमिकांची चिकित्सा

प्रस्तावना :
संगीत आणि मन यांच्या संबंधाची चर्चा मराठीत बहुधा शांत, मधुर रागसंगीताच्या आधारे होते. कर्कश, वेगवान आणि मृत्यू, वेड, विनाश हे विषय उघडपणे हाताळणारे हेवी मेटल संगीत या चर्चेत आलेच तर आरोपी म्हणून येते. पाश्चात्त्य देशांत त्याच्याविषयी दोन भूमिका रूढ आहेत. ते तरुणांची मने बिघडविते, ही पहिली. ते मनातील राग बाहेर काढून टाकते, ही दुसरी. प्रस्तुत लेखात या दोहोंची चिकित्सा केली आहे.

आरोपाची भूमिका :
या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. तेथील 'ब्लॅक सॅबथ' या बँडच्या 'पॅरानॉइड' (१९७०) या गीताचे शब्द गीझर बटलर याचे आहेत. शीर्षक संशयग्रस्ततेचे असले तरी गीताचा विषय नैराश्य हा आहे. या दोहोंतील फरक तेव्हा ठाऊक नव्हता, असे बटलरने पुढे सांगितले. कामगारवस्तीतील तरुणाजवळ आपल्या दुखण्याचे नाव नसावे आणि गीत मात्र असावे, ही बाब आरोपकर्त्यांनी कधी ध्यानात घेतली नाही.

ऑझी ऑस्बोर्नच्या 'सुइसाइड सोल्यूशन' (१९८०) या गीतामुळे आपल्या मुलाने १९८४ मध्ये आत्महत्या केली, असा दावा अमेरिकेतील एका कुटुंबाने केला. 'सोल्यूशन' या शब्दाचे 'उपाय' आणि 'द्रावण' असे दोन अर्थ होतात. गीत दारूविषयी असल्याचे ऑस्बोर्नने सांगितले. म्हणजे येथे दुसरा अर्थ प्रधान असून व्यसन हीच आत्महत्या, असा गीताचा रोख आहे. आरोपकर्त्यांनी पहिलाच अर्थ घेतला. कवितेतील उद्गाराला आज्ञा समजणे ही चूक वर्गातही आढळते. तेथे फार तर गुण कापले जातात. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने हा दावा फेटाळला.

रेनो येथे १९९० मध्ये 'जुडास प्रीस्ट' या बँडवर चाललेल्या खटल्यात तर गीताच्या अर्थाचाही प्रश्न उरला नव्हता. १९८५ मधील दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचे कारण म्हणून ध्वनिमुद्रिकेत दडविलेल्या सुप्त आदेशाकडे बोट दाखविले गेले. तो आवाज म्हणजे श्वास व गिटार यांचा योगायोग होय, असे न्यायाधीशांनी ठरविले.

बचावाची भूमिका :
राग आला की हे संगीत ऐकतो आणि मन शांत होते, असे अनेक तरुणांनी जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाला सांगितले. त्यांचा 'मेटलहेड्स' हा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातील लीआ शार्मन व जेनेव्हिव्ह डिंगल यांनी या संगीताच्या १८ ते ३४ वयाच्या ३९ चाहत्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना राग आणणाऱ्या प्रसंगांविषयी बोलते करून नंतर काहींना दहा मिनिटे त्यांच्या आवडीचे संगीत ऐकविले, तर काहींना शांत बसविले. संगीताने राग वाढला नाही, उलट उतरला.

बचावपक्ष येथेच थांबतो. परंतु शांत बसलेल्यांचाही राग उतरला होता, आणि संगीत ऐकणाऱ्यांच्या हृदयाची गती मात्र चढीच राहिली, हेही त्याच प्रयोगात आढळून आले. ॲरिस्टॉटलच्या विरेचनाचा प्रचलित अर्थ घेतल्यास भावाचा निचरा होऊन शरीरही निवळावयास हवे. येथे शरीराची उत्तेजना टिकून राहते आणि श्रोत्याला उत्साह वाटतो. रौद्र रसाच्या आस्वादात क्रोध हा लौकिक क्रोध राहत नाही, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन या निष्कर्षाच्या अधिक जवळ जाणारे आहे.

मात्र अभिनवगुप्ताला सहृदय रसिक अभिप्रेत आहे, आणि प्रयोगातील ३९ जणही आधीपासूनचे चाहतेच होते. आरोपकर्ते श्रोत्याला विष पाजले गेले असे मानतात, बचावकर्ते औषध. दोघांनाही श्रोता हा केवळ रिकामे भांडे वाटतो. कॅनडातील लाकुर्स व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात इतर जोखमीचे घटक विचारात घेतल्यावर मेटलची आवड आणि आत्महत्येचा धोका यांत लक्षणीय संबंध उरला नाही. मनाचा कोंडमारा हलका करण्यासाठी संगीताचा उपयोग करणाऱ्या मुलींत तर धोका कमी आढळला. येथे विचार झाला तो श्रोता संगीताचे काय करतो याचा. एकट्याने, रात्रीबेरात्री तेच गीत पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या आणि ऐकूनही मन न निवळणाऱ्या श्रोत्याविषयी मात्र २०१५ चा प्रयोग काहीच सांगू शकत नाही. पालक व प्राध्यापक यांना चिंता वाटते ती बहुधा याच श्रोत्याची.