मशेरी : निर्धोकतेच्या निकषाची चिकित्सा

दातांना लावावयाच्या द्रव्याची निर्धोकता त्याच्या नावावरून ठरवावी की प्रत्यक्ष संपर्कावरून, हा प्रश्न मशेरीमुळे उपस्थित होतो. १९९२ साली केंद्र शासनाने तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांच्या निर्मितीस व विक्रीस मनाई केली; १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. हे योग्यच झाले. तथापि त्यामागील दृष्टी कारखान्यापाशी थांबली. मशेरी घरच्या तव्यावर तंबाखू भाजून, कुटून होते. तिला ना परवाना, ना वेष्टन. भाजल्यानंतरही तीत निकोटिन उरतेच, शिवाय बेंझोपायरीनसारखी कर्करोगजनक द्रव्ये निर्माण होतात. ती बोटाने हिरड्यांवर चोळतात आणि सवय जडली की दिवसातून अनेकदा लावतात. नाव दंतस्वच्छतेचे राहते, व्यवहार मात्र व्यसनाचा होतो. म्हणून मात्रा, काळ व वारंवारता मोजल्यावाचून निर्धोकतेचा कोणताही निर्णय अपुराच ठरेल. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी येणाऱ्या गर्भवतीस ‘तंबाखू खाता का?’ एवढेच विचारून भागणार नाही. ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘दातांना काय लावता?’ हाच खरा प्रश्न होय.