कैलासातील रहस्य आणि मेहकरची मूर्ती : रहस्यकथेतील अस्सलतेचा प्रश्न

कलावस्तूच्या चोरीवर अथवा तिच्या बनावट प्रतिकृतीवर उभारलेली रहस्यकथा हा गुन्हेकथेचा केवळ एक पोटप्रकार मानणे पुरेसे नाही. सामान्य रहस्यकथेत सारी रचना 'हे कृत्य कोणी केले?' या एका प्रश्नाभोवती फिरते. कलावस्तूविषयक रहस्यकथेत त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो : ही वस्तू अस्सल आहे असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पहिल्या प्रश्नाचे एकच एक उत्तर शेवटच्या प्रकरणात द्यावे, अशी या वाङ्मयप्रकाराची अट आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एकच उत्तर असेलच असे नाही. या दोन प्रश्नांमधील ताण लेखक कसा हाताळतो, यावर अशा कथेचे मोल अवलंबून असते. बाबुराव अर्नाळकरांसारख्या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहूनही मराठी समीक्षेने या प्रकाराची फारशी दखल घेतली नाही. त्यामुळे या ताणाचा विचारही आपल्याकडे क्वचितच झाला.

या दृष्टीने सत्यजित राय यांची 'कैलाशे केलेंकारी' ही १९७३ साली प्रसिद्ध झालेली फेलूदा-कथा विशेष अभ्यसनीय आहे. कथा बंगाली असली तरी तिचा उत्तरार्ध महाराष्ट्रात, वेरूळच्या लेण्यांत घडतो. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील यक्षीचे मस्तक तोडले जाते, ते एका परदेशी संग्राहकाच्या हाती जाते, त्याच्या विमानाला अपघात होतो आणि मस्तक पुन्हा तस्करांच्या वाटेला लागते. त्याचा माग काढीत फेलूदा, तोपशे आणि लालमोहन गांगुली वेरूळला येऊन पोहोचतात. प्राचीन वस्तू व कलानिधी यांच्या निर्यातीस आळा घालणारा कायदा भारतात १९७२ साली संमत झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेमागील तळमळ कळते. किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या कथेत रायांनी एक राष्ट्रीय प्रश्न आणला आणि तो बोजड होऊ दिला नाही, हे तिचे निर्विवाद यश होय.

परंतु कथेतील ज्ञानाची वाटणी कशी झाली आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे. मस्तक कोणत्या मंदिराचे हे ओळखतात ते सिधू ज्याठा, म्हणजे ग्रंथ आणि कात्रणे यांच्या सहवासात आयुष्य घालविलेले विद्वान गृहस्थ. त्याची किंमत जाणतो तो व्यापारी. ते परत मिळविण्याचा मार्ग ठाऊक असतो तो शोधकाला. अपघातस्थळाजवळच्या खेड्यातील मुलाच्या हाती मात्र ते योगायोगाने येते आणि क्षुल्लक मोबदल्यात त्याच्या हातून निघून जाते. ज्या परिसरातून मस्तक तोडले गेले तेथील माणसे तर कथेत बोलतच नाहीत. अस्सलतेचा प्रश्न येथे सुरुवातीलाच विद्वानाच्या साक्षीने मिटविला जातो आणि उरते ते केवळ चोराला पकडण्याचे काम. कथेची गती यामुळेच साधते. पण तिची मर्यादाही येथेच आहे.

ही मर्यादा स्पष्ट व्हावी म्हणून वेरूळहून फार दूर न जाता बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे उदाहरण घ्यावे. पैनगंगेकाठच्या या गावी १८८८ साली जमिनीतून विष्णूची एक भव्य पाषाणमूर्ती निघाली. आज ती शार्ङ्गधर बालाजी या नावाने पूजिली जाते. वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या नावाने, परंतु ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता. मूर्ती इंग्रज अधिकारी विलायतेस नेणार, अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली आणि त्यामुळे ती मेहकरातच राहिली, अशी कथा तेथे परंपरेने सांगितली जाते.

ही परंपरागत कथा आहे, हे विसरता कामा नये. संकट, चातुर्य आणि सुटका हा तिचा घाट लोककथेच्या परिचयाचा आहे. तिचा प्रत्येक तपशील पुराव्याने सिद्ध झाला आहे असे गृहीत धरून चालणार नाही. तथापि समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तिचे तर्कशास्त्र. रायांच्या कथेत खेडे हे अजाणतेपणाचे स्थान आहे. मेहकरच्या कथेत निर्णय करते ते खेडेच. तेथे मूर्तीचा काळ, शैली अथवा बाजारातील मोल कोणी विचारीत नाही. प्रतिष्ठा झाली की पाषाणाचा देव होतो आणि देव उचलून नेता येत नाही, हे तत्त्व गावकरी वापरतात. पुराणवस्तूचे अस्सलपण भूतकाळात असते आणि ते अभ्यासाने शोधावे लागते. प्रतिष्ठित मूर्तीचे अस्सलपण एका विधीच्या क्षणी सुरू होते आणि नित्य पूजेने टिकते. दोन्ही संकल्पना खऱ्या आहेत. पण त्यांना साक्षीदार निरनिराळे लागतात.

ही दुसरी संकल्पना केवळ भाबड्या श्रद्धेची बाब आहे, असा आक्षेप कोणी घेईल. न्यायालयांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले. तमिळनाडूतील पत्तूर येथे १९७६ साली एका मजुराला जमिनीत सापडलेला नटराज हस्ते परहस्ते लंडनला पोहोचला, तेव्हा त्याच्यासाठी झालेल्या दाव्यात तेथील पडक्या मंदिराचा हक्क इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ साली ग्राह्य धरला. मूर्ती तीच का, हे तज्ज्ञांच्या साक्षीने ठरले. ती कोणाची, हे मंदिराच्या नावाने ठरले. शास्त्रीय अस्सलता आणि परंपरागत अस्सलता यांना एकमेकींची गरज कशी भासते, याचे हे बोलके उदाहरण आहे. एका उत्तम रहस्यकथेचे सारे साहित्य त्यात आहे. फक्त त्याचा नायक एकटा शोधक असू शकत नाही.

आदिवासी कलेच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. ऑस्ट्रेलियात एडी बरप या आदिवासी चित्रकाराच्या नावाने प्रदर्शनांत मांडली गेलेली चित्रे वस्तुतः एलिझाबेथ ड्युरॅक या वृद्ध गौरवर्णीय चित्रकर्तीची होती, हे १९९७ साली उघड झाले. तेथे वस्तू चोरीची नव्हती, प्रतिकृतीही नव्हती; बनावट होता तो कर्ता. वारली चित्रकलेपुढे याहून निराळा पेच आहे. विवाहप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर रेखायचा चौक हा विधीचा भाग होता आणि विधीबरोबर त्याचे कार्य संपत असे. सत्तरीच्या दशकात ही कला कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुष कलावंताने तिला स्वतंत्र प्रतिभेचे रूप दिले आणि २०१४ साली तिला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले. आता अस्सल चित्र कोणते : भिंतीवरचे, म्हसे यांच्या हातचे, की नोंदणीच्या चौकटीत बसणारे? येथे पकडून द्यावा असा एकच गुन्हेगार नाही. आणि गुन्हेगाराविना रहस्यकथा लिहावी कशी, हा या वाङ्मयप्रकारापुढील खरा प्रश्न आहे.

रायांच्या कथेला हा प्रश्न पुरता अनोळखी होता असे म्हणता येत नाही. फेलूदाचा सहचर लालमोहन गांगुली हा स्वतः 'जटायू' या नावाने रोमांचक कादंबऱ्या लिहिणारा लेखक आहे आणि त्याच्या पुस्तकी माहितीतील चुका फेलूदा वारंवार दुरुस्त करतो. रंजक कथा आणि खरी माहिती यांच्यातील अंतर रायांनी अशा रीतीने कथेतच हसतमुखाने मांडले आहे. मात्र हा विनोद लेखकाच्या अज्ञानापाशी थांबतो. ज्ञात्याच्या अधिकाराला तो हात लावीत नाही.

यावरून 'कैलाशे केलेंकारी' ही उणी ठरते असे नव्हे. चोरीला चोरी म्हणण्याचे जे काम तिने केले ते आवश्यकच होते, आणि जेथे मूर्तीचे तुकडे राजरोस विकले जात होते तेथे आधी तेच करणे प्राप्त होते. परंतु मराठीत या विषयावर रहस्यकथा लिहू पाहणाऱ्याला केवळ तिचा कित्ता गिरवून भागणार नाही. त्याच्या कथेत सिधू ज्याठांच्या कात्रणांना जितका मान असेल तितकाच मेहकरच्या गावकऱ्याच्या साक्षीलाही द्यावा लागेल, आणि दोघांच्याही साक्षी उलटतपासणीतून जाव्या लागतील. चोर सापडल्यावरही ती मूर्ती कोठे ठेवावयाची, हा प्रश्न अशा कथेच्या अखेरीस उरेल. आणि तो उरला म्हणून वाचकाची फसगत झाली असे मानण्याचे कारण नाही.