ख्रिस्ती प्रीतीचा खरा अर्थ आणि ‘स्मृतिचित्रे’

प्रेम या शब्दाला आकर्षण, आसक्ती, जिव्हाळा अशा अनेक अर्थच्छटा आहेत. नव्या करारातील ‘अगापे’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ हा शब्द येतो. ही प्रीती समोरच्याची पात्रता पाहत नाही व ती कृतीतून सिद्ध होते. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरा शेजारी वंशाने नव्हे, तर दयेने ठरतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही संकल्पना संसाराच्या कसोटीवर उतरते. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईंनीही हा धर्म स्वीकारला. परंतु त्याआधीच, जातिभेद मनुष्यनिर्मित आहे असे पटल्यावर, त्यांनी सोवळेओवळे सोडले होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत प्रीतीचे आचरण धर्मांतराच्याही आधी सुरू झाले.

टिळकांचे औदार्य सर्वांसाठी खुले होते. त्यापायी होणारी घरची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ती त्या कडवटपणाने नव्हे, तर विनोदाने सांगतात. तरीही त्या विनोदातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो : प्रीती त्याग मागते हे खरे, पण तो त्याग कोणाचा? शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या आज्ञेत घरातील माणूस हाच पहिला शेजारी ठरतो. हे भान देणे, हे ‘स्मृतिचित्रे’चे मोल केवळ वाङ्मयीन नसून धर्मचिंतनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.