सुंभ राहतो, पीळ जातो

हा आलेख आपण जरा निवांत पाहू. आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्यावर विद्युतदाब, आणि मधे चक्क एक जिना! केसाहून कितीतरी बारीक अशी कथलाची तार 3.7 केल्विनच्या किंचित खाली थंडावली आहे, तिचा रोध नाहीसा झाला आहे, म्हणजेच ती अतिसंवाहक झाली आहे. प्रवाह हळूहळू वाढवत न्यावा, तर बराच वेळ दाब शून्यावरच निजलेला असतो आणि मग एकाएकी पहिली पायरी चढतो, पुढे दुसरी, तिसरी. जाड तारेची कथा निराळी. तिथे प्रवाहाचे स्वतःचेच चुंबकक्षेत्र अतिसंवाहकतेचा घात करते, हे सिल्सबी यांनी 1916 मध्येच ओळखले होते. बारीक तारेतला घात फार नाजूक हाताने होतो.

तो समजायला आधी ‘फेज’ ओळखायला हवी; तिला आपल्या परिभाषेत ‘कला’ म्हणतात, चंद्राची असते तीच. इलेक्ट्रॉनांच्या साऱ्या जोड्या एकाच कलेच्या धाग्यात ओवलेल्या असतात, आणि प्रवाह वाहतो तेव्हा ही कला तारेच्या लांबीभर सुंभाच्या पिळासारखी फिरत जाते: सुंभाची जाडी म्हणजे जोड्यांची दाटी, पीळ जितका घट्ट तितका प्रवाह मोठा. 1967 मध्ये लँगर आणि विनय आंबेगावकर यांनी (आडनाव वाचून आपण क्षणभर सुखावतो, ते असो) हा पीळ सुटतो कसा याचे गणित मांडले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही आपली म्हण. इथे मात्र सुंभ एकाच जागी निमिषभर विरतो, तेवढ्यात एक पुरा वेढा निसटतो, आणि सुंभ पुन्हा सांधला जातो, जणू काही घडलेच नाही. दाब पुन्हा पीळ भरतो, तो पुन्हा निसटतो. दाब अवघा एक मायक्रोव्होल्ट असला, तरी हे सेकंदाला सुमारे 48 कोटी वेळा चालते!

जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे पीळ निसटण्याची आणखी एक जागा, हे 1974 मध्ये स्कॉकपोल, बीझ्ली आणि टिंकम यांनी कथलाच्याच चिंचोळ्या पट्ट्यांवर दाखवले. मला सर्वांत मोह पडतो तो पायऱ्यांच्या तिरप्या रेषांचा. पट्टी लावून त्या मागे वाढवून पाहा: त्या शून्यावर जात नाहीत, प्रवाहाच्या अक्षावर बऱ्याच पुढे येऊन टेकतात, कारण जिथे पीळ सतत निसटतो आहे तिथेही सरासरीने, पायरी जिथे सुरू होते त्या प्रवाहाच्या जवळजवळ निम्मा प्रवाह रोधावाचूनच वाहत असतो.