घेणे आणि सोडणे

मराठीत ‘घेणे’ला कर्म लागत नाही. ‘मुलगा घेतो का हो?’ एवढं विचारलं की काय ते समजतं. आपल्याकडे तेच क्रियापद महाराजांसमोरही चालतं: नियम घेतला. परिचयपत्रात त्याचं ‘निर्व्यसनी’ होतं. शब्द देखणा आहे, पण तो कधीच न घसरलेल्यासाठी. घसरून परत उठू पाहणाऱ्याला आपण कोणता शब्द ठेवलाय?

हाच प्रश्न मनात धरून गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पुन्हा वाचलं. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली बडोद्यात ते प्रथम रंगभूमीवर आणलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. यात पिणाऱ्यांकडे शब्दांची चंगळ आहे. तळीराम तर ‘आर्यमदिरामंडळ’च काढतो. न पिणाऱ्यांकडे उपदेश, आणि सिंधूकडे नुसतं सोसणं. सुधाकर सोडायचा निश्चय करतो, लोक झिडकारतात, तो पुन्हा पेल्याकडे वळतो. पण सोडलेल्या त्या थोड्या दिवसांना कुणी किंमत देत नाही. नाटकाचं नावच सांगतं की एका प्याल्यात सगळं संपलं. मला नाटक इथे उणं वाटतं. सज्जन आणि दारुडा यांच्यामध्ये माणसाला उभं राहायला जागाच नाही.

आपल्या शास्त्रात ती जागा आहे. रत्नकरंड श्रावकाचारात मद्यत्याग श्रावकाच्या मूलगुणांत येतो. त्याच ग्रंथात ठरावीक काळाचा तो नियम आणि जन्मभराचा तो यम, असा भेदही सांगितलाय. व्रताला डाग लागला तर अतिचार, मोडलंच तर अनाचार, आणि पुढे प्रायश्चित्त. मद्याचा त्याग जन्मभराचाच, हे कबूल. पण अडकलेल्याला ‘आज नाही’ एवढ्या नियमाने सुरुवात करून देता येते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांतही एकेका दिवसाचाच हिशेब असतो.

आपण मात्र त्याग मिरवतो आणि प्रायश्चित्त पोथीत बांधून ठेवतो. ‘आपल्यात कुणी घेत नाही’ म्हटलं, की ज्या घरात घेतली जाते तिथल्या बाईचं तोंड बंद. मग ती ‘ह्यांना पित्त झालंय’ म्हणून वेळ मारून नेते. सिंधूही नवऱ्याला वाचवायला शेवटी खोटंच बोलते की.

‘आठ दिवस सोडली होती, परवा पुन्हा घेतली’ हे वाक्य बाईला बस्तीच्या पायरीवर बसून, मान खाली न घालता बोलता आलं पाहिजे. आणि ऐकणारीनं ‘आठ दिवस जमलं ना? मग नवव्याचं बघू’ असं म्हटलं पाहिजे.